पिशवी काढण्याआधी
(स्त्रियांचे कर्करोग : भाग ७)

गेल्या आठवड्यात अंडाशयाच्या कर्करोगाबद्दल लिहिलं. तो पोटात लपून वाढतो, लवकर हाती लागत नाही. आजचा त्याच्या अगदी उलट स्वभावाचा. गर्भाशयमुखाचा, म्हणजे पिशवीच्या तोंडाचा कर्करोग डोळ्यांना दिसतो, बोटाला लागतो आणि होण्याआधी बहुतेक वेळा दहा-पंधरा वर्षांची सवड देतो. तरीही आपल्या देशातल्या बायकांमध्ये स्तनाच्या कर्करोगाखालोखाल हाच आढळतो.

साठीच्या आसपासच्या एक मावशी साडीच्या दुकानाच्या कॅरीबॅगेत कागद घेऊन आल्या होत्या. पाळी जाऊन बरीच वर्षं झालेली, आणि मग अंगावरून लाल जायला लागलं. सुगी होती, सुनेचं बाळंतपण होतं, म्हणून वर्षभर अंगावर काढलं. शेवटी एका दवाखान्यात दाखवलं. सोनोग्राफी झाली, ‘पिशवी खराब झालीय’ असं सांगण्यात आलं आणि आठवड्याभरात पिशवी काढली. पाच महिन्यांनी पुन्हा तेच सुरू. मी सगळे कागद टेबलावर पसरले. रक्ताचे रिपोर्ट, औषधांची बिलं, सोनोग्राफीची फिल्म. बायोप्सीचा कागद मात्र नव्हता. ऑपरेशनआधी तुकडा तपासला नव्हता, आणि काढलेली पिशवीही तपासणीला पाठवली नव्हती.

“पिशवीच नाही, तर कॅन्सर कुठून येईल, मॅडम?” मावशींनी विचारलं.

या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक घरात पोचायला हवं, असं मला कळकळीनं वाटतं. हा रोग तोंडाच्या कडेनं बाजूच्या ऊतींमध्ये सरकतो, तिथून ओटीपोटातल्या लसिकाग्रंथींत जातो. नेहमीच्या ऑपरेशनमध्ये पिशवी तिच्या कडेलगत कापतात, त्यामुळे कडेबाहेर सरकलेला रोग आतच राहतो. कर्करोगासाठीचं ऑपरेशन वेगळं असतं. त्यात बाजूच्या ऊती, योनिमार्गाचा वरचा भाग आणि ग्रंथीही काढाव्या लागतात, आणि तेही गाठ लहान असेल तरच.

गाठ साधारण चार सेंटिमीटरच्या पुढे गेली किंवा बाजूला पसरली, की पिशवी काढायची नसते. मग पाचेक आठवडे, आठवड्यातून पाच दिवस बाहेरून रेडिएशन आणि आठवड्यातून एकदा सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाची सलाइन. त्यानंतर ब्रॅकिथेरपी, म्हणजे आतून रेडिएशन. एक बारीक पोकळ नळी पिशवीच्या पोकळीत सरकवतात, तोंडाच्या दोन्ही बाजूंना आणखी दोन बसवतात. मग यंत्रातून तारेच्या टोकाला जोडलेला इरिडियमचा इवलासा कण त्या नळ्यांतून फिरतो, ठरल्या जागी काही सेकंद थांबतो आणि परत जातो. गाठीला भरपूर मात्रा मिळते, लघवीची पिशवी आणि गुदाशय बऱ्यापैकी वाचतात. ती नळी नीट बसते ती पिशवी जागेवर असते म्हणून. जी काढून टाकायची घाई झालेली असते, तीच इथे उपचाराच्या कामी येते.

‘आधी केमो देऊन गाठ लहान करू, मग काढू’ हा मार्गही टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी पारखून पाहिला. ६३५ स्त्रियांचा हा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. पाच वर्षांनी रोगमुक्त राहिलेल्या बायका ऑपरेशनच्या गटात सुमारे ६९ टक्के होत्या, रेडिएशन आणि केमो एकत्र मिळालेल्या गटात सुमारे ७७ टक्के. जगण्याच्या प्रमाणात दोन्ही गट जवळपास सारखे होते. बाहेरचं आणि आतलं रेडिएशन मिळून सगळे उपचार आठ आठवड्यांच्या आत संपवायचे असतात. मध्ये खंड पडला की गुण कमी येतो, म्हणून घरच्यांनी शेतीची कामं आणि लग्नकार्यं त्या दोन महिन्यांपुरती बाजूला ठेवावीत.

दुसरीकडे, रोग नसताना पिशवी गमावलेल्या बायका आहेत. २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायकांचं प्रकरण गाजलं. शासनाच्या समितीनं ८२ हजारांवर बायकांची पाहणी केली, त्यांतल्या १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली होती. ‘कॅन्सर होईल’ ही भीती घातल्याचं कितीतरी जणींनी सांगितलं. त्या भीतीची खातरजमा साध्या तपासणीनं होऊ शकते. त्याच मराठवाड्यात, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, सव्वा लाखाहून जास्त स्त्रियांचा अभ्यास झाला. तो २००९ साली प्रसिद्ध झाला. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्हीच्या, म्हणजे हा रोग घडवणाऱ्या विषाणूच्या, तपासणीनं या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, असं त्यात दिसलं. तपासणीत पूर्वावस्था सापडली, तर तेवढा भाग बाह्यरुग्ण विभागातच काही मिनिटांत शेकून नष्ट करता येतो. पिशवीला हात लावावा लागत नाही.

मावशींना मी तुकडा तपासून कर्करोगाच्या मोठ्या रुग्णालयात पाठवलं. पिशवी नसल्यामुळे आतलं रेडिएशन आता योनिमार्गापुरतंच देता येणार होतं. त्यांची बत्तीस वर्षांची सून दाराशी उभी होती. तिला म्हटलं, “आलीच आहेस, तर तुझंही बघू.” ती संकोचली, मग सासूनंच तिला पुढे ढकललं. दिवा जवळ ओढला, घरातल्या व्हिनेगरसारख्याच वासाच्या, ॲसेटिक ॲसिडच्या पातळ द्रावात कापसाचा बोळा भिजवून पिशवीच्या तोंडाला लावला. बदललेल्या पेशी असतील तर त्या जागी पांढरा डाग उमटतो. घड्याळाकडे बघत एक मिनिट थांबले. तोंड गुलाबीच राहिलं.