विद्यापीठ आणि वस्ती : आरोग्य-संशोधनातील भागीदारी

एखाद्या रोगाचा अभ्यास करावयाचा झाल्यास रोगी आणि अभ्यासक हे दोघेही आवश्यक असतात. तथापि या दोघांचे स्थान सारखे नसते. अभ्यासकाजवळ शिक्षण, पैसा, प्रयोगशाळा आणि संस्थेचे पाठबळ असते. रोग्याजवळ आपल्या शरीराखेरीज देण्यासारखे फारसे काही नसते. रोगी अल्पसंख्य, दरिद्री आणि दीर्घकाळ उपेक्षित राहिलेल्या समाजातील असेल, तर हे अंतर अधिकच वाढते. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांना आणि उत्तर अमेरिकेतील मूळ रहिवाशांना विसाव्या शतकात याचा अनुभव वारंवार आला. विद्यापीठ आणि वस्ती यांनी संशोधनाची आखणी बरोबरीने करावी, हा विचार अशा अनुभवांतून बळावला. तो समजून घेण्यासाठी प्रथम अविश्वासाची कारणे पाहणे इष्ट ठरेल.

अविश्वासाची मुळे

१९३२ साली अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने अलाबामा राज्यातील मेकन परगण्यात उपदंशाचा अभ्यास सुरू केला. त्यासाठी ६०० कृष्णवर्णीय पुरुष निवडण्यात आले. त्यांपैकी ३९९ जणांना उपदंश झालेला होता. उरलेले २०१ जण तुलनेसाठी घेतले होते. बहुतेक जण दुसऱ्याची जमीन वाट्याने कसणारे गरीब शेतकरी होते. आपल्या रक्तात दोष असून त्यावर उपचार चालू आहेत, अशी त्यांची समजूत करून देण्यात आली. तपासणीच्या दिवशी जेवण आणि मृत्यूनंतर अंत्यविधीचा खर्च, असा त्यांचा मोबदला होता. प्रत्यक्षात उपचारांवाचून हा रोग शरीरात कसा वाढत जातो, एवढेच पाहावयाचे होते. १९४७ च्या सुमारास पेनिसिलिन हे उपदंशावरील सर्वमान्य औषध ठरले. तरीही ते या लोकांना देण्यात आले नाही. जुलै १९७२ मध्ये वृत्तपत्रांनी हे प्रकरण उजेडात आणल्यावरच, चाळीस वर्षांनी, तो अभ्यास थांबला. संशोधनात सहभागी होणाऱ्या माणसांच्या रक्षणासाठी १९७४ मध्ये अमेरिकेत कायदा झाला. १९९७ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी शासनाच्या वतीने क्षमा मागितली.

या अभ्यासाला टस्कीगी येथील शिक्षणसंस्थेचे साहाय्य होते आणि ती संस्था कृष्णवर्णीयांच्याच उन्नतीसाठी १८८१ मध्ये स्थापन झालेली होती, ही गोष्ट येथे ध्यानात घ्यावयास हवी. अर्थात समाजातील एखादी संस्था सोबत घेतली म्हणजे समाजाची भागीदारी झाली, असे म्हणता येत नाही. ज्यांच्यावर प्रयोग होत होता त्यांना काय ठाऊक होते आणि नकार देण्याची संधी त्यांना होती काय, हा खरा प्रश्न आहे.

संमती कशासाठी ?

दुसरे उदाहरण ॲरिझोना राज्यातील हावासुपाय जमातीचे आहे. ही लहानशी जमात ग्रँड कॅन्यन या प्रचंड दरीच्या तळाशी राहते. जमातीत मधुमेहाचे प्रमाण फार होते. १९९० पासून पुढील काही वर्षांत ॲरिझोना राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी सुमारे २०० जणांच्या रक्ताचे नमुने घेतले. मधुमेहाचे कारण सापडेल या आशेने लोकांनी ते दिले होते. पुढे याच नमुन्यांवरून मानसिक विकार, जमातीअंतर्गत विवाहसंबंध आणि जमातीच्या पूर्वजांचे स्थलांतर या विषयांवरही संशोधन झाले. २००३ मध्ये जमातीतील एका स्त्रीने विद्यापीठातील व्याख्यानात हे ऐकले, तेव्हा ते जमातीला कळले. आपण या दरीतच निर्माण झालो, अशी जमातीची श्रद्धा आहे; पूर्वज अन्य खंडातून आले असे सांगणारे संशोधन आपल्याच रक्तावर झाले, याचा तिला धक्का बसला. न्यायालयीन वादानंतर २०१० मध्ये तडजोड झाली. विद्यापीठाने ४१ जणांना मिळून ७ लाख डॉलर दिले आणि उरलेले नमुने परत केले.

संमतीपत्रांवर सह्या झालेल्या होत्या. परंतु सही एका व्यक्तीची असली, तरी निष्कर्ष मात्र सर्व जमातीविषयी निघतात. व्यक्तीच्या संमतीखेरीज समाजाचीही संमती लागते काय, हा प्रश्न या प्रकरणाने अधिक तीव्र झाला.

काहनावाकेचा प्रयोग

या प्रश्नाचे एक व्यवहार्य उत्तर कॅनडात त्याआधीच शोधले गेले होते. माँट्रियल शहरानजीक काहनावाके ही मोहॉक लोकांची वस्ती आहे. तेथील रुग्णालयाच्या डॉक्टरांनी १९८० नंतरच्या दशकात पाहणी केली, तेव्हा पंचेचाळीस ते चौसष्ट वर्षे वयाच्या सुमारे १२ टक्के लोकांना मधुमेह असल्याचे दिसले. सर्वसाधारण लोकसंख्येच्या मानाने हे प्रमाण दुप्पट होते. डॉक्टरांनी हे आकडे वस्तीपुढे ठेवले. तेव्हा वडीलधाऱ्यांनी विचारले की, निदान मुलांना तरी यापासून वाचविता येईल काय ? संशोधनाचा विषय अशा रीतीने वस्तीनेच ठरविला. १९९४ मध्ये मॅकगिल आणि माँट्रियल या दोन विद्यापीठांच्या अभ्यासकांसह शाळांतून मधुमेह-प्रतिबंधाचा उपक्रम सुरू झाला. पहिली ते सहावीच्या मुलांना आरोग्याचे पाठ देण्यात आले. निकस खाद्यपदार्थांना शाळेत बंदी झाली. चालण्यासाठी व सायकलीसाठी वाट तयार झाली. वस्तीतील स्वयंसेवकांचे एक सल्लागार मंडळ या कामावर देखरेख करू लागले.

तथापि या उपक्रमाची विशेष ख्याती झाली ती त्याच्या आचारसंहितेमुळे. वस्ती, तेथील संशोधक आणि विद्यापीठीय संशोधक यांनी अनेक महिने चर्चा करून ती तयार केली. जमविलेल्या माहितीची मालकी वस्तीची राहील; निष्कर्ष प्रथम वस्तीला सांगितले जातील; आणि त्यांच्या अर्थाविषयी मतभेद झाल्यास दोन्ही पक्षांची मते प्रसिद्ध होतील, अशी त्यातील मुख्य कलमे होती. शेवटचे कलम महत्त्वाचे आहे. त्यामुळे संशोधकाचे तोंड बंद होत नाही आणि वस्तीचा आवाजही दाबला जात नाही.

या शिस्तीची कसोटी पुढे लागली. आठ वर्षांच्या मोजणीत असे आढळले की, आरंभी काही अनुकूल चिन्हे दिसली असली तरी मुलांमधील स्थूलतेची वाढ रोखता आली नव्हती. हा निष्कर्ष निराशाजनक होता. तरी तो जाहीर करण्यात आला आणि उपक्रमही सोडून दिला गेला नाही. बाहेरून आलेला अभ्यासक अपयशानंतर दुसऱ्या विषयाकडे वळू शकतो. ज्यांच्या घरात रोग आहे त्यांना तशी मुभा नसते.

मर्यादा आणि फलित

अशी भागीदारी सोपी नसते. विश्वास संपादन करण्यास वर्षे लागतात, तर संशोधनाचा निधी बहुधा दोन-तीन वर्षांपुरता असतो. तरुण संशोधकाला पदवीसाठी लवकर प्रबंध पूर्ण करावयाचा असतो. वस्तीच्या सभा त्याच्या सोयीने भरत नाहीत. शिवाय वस्तीच्या वतीने कोणी बोलावे हाही वादाचा विषय होतो. जे पुढारी सभेत बोलतात, ते स्त्रिया, वृद्ध किंवा अतिदरिद्री यांची गरज मांडतीलच असे नाही. सल्लागार मंडळ केवळ शिक्का उमटविण्यापुरते उरले, तर टस्कीगीचा दोष नव्या रूपात कायम राहील.

तरीही या विचाराचा प्रभाव वाढत गेला. माहितीची मालकी, तिच्यावरील नियंत्रण, ती पाहण्याची मुभा आणि तिचा ताबा ही चार तत्त्वे कॅनडातील मूळ रहिवाशांनी १९९८ मध्ये मांडली. २०१० मध्ये तेथील राष्ट्रीय संशोधन-नीतीत त्यांच्याविषयी स्वतंत्र प्रकरण समाविष्ट झाले. त्यामुळे तेथे जाणाऱ्या अभ्यासकाला आता रक्ताची नळी पुढे करण्यापूर्वी काही प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात : हा प्रश्न कोणी विचारला, नमुन्याचे पुढे काय होणार आणि उत्तर प्रथम कोणाला कळणार ? मेकन परगण्यातील शेतकऱ्यांना हे विचारण्याची संधी चाळीस वर्षांत एकदाही मिळाली नव्हती.