तांदूळ घातलेले खिम्याचे गोळे

थोड्या मांसात सारे कुटुंब तृप्त करणे, यातच गृहिणीच्या पाककौशल्याचा खरा कस लागतो. रशियातील घरोघरच्या 'तेफ्तेली' म्हणजे खिम्याच्या गोळ्यांत तांदूळ असतो, तो याचसाठी. तो गोळ्यांची संख्या वाढवितो. शिवाय खिम्यातून सुटणारा रस शोषून त्यांना मऊ राखतो.

अर्धा किलो खिम्यास 100 ग्रॅम तांदूळ पुरे. प्रथम मी त्यात पूर्ण शिजलेला भात मळला, आणि गोळे रश्शात फुटून विखुरले! तांदूळ अर्धाच शिजवावा. उरलेले काम रस्सा करतो. चिरलेला कांदा, अंडे, मीठ व मिरपूड घालून लिंबाएवढे गोळे वळावेत. दाणा पुढे फुगावयाचा असल्याने ते फार दाबू नयेत. पिठात घोळवून, तेलावर परतून, टोमॅटोचा रस व पाणी घालावे आणि झाकण ठेवून मंद आंचेवर पाऊण तास शिजू द्यावे. शेवटी विरजलेली साय मिसळावी. त्यानंतर उकळी आणू नये, नाहीतर साय फाटते.

असे पातेले चुलीवर असले, म्हणजे अवचित आलेल्या पाहुण्याला 'बसा जेवायला' म्हणताना मन कचरत नाही.