टोकियोतला ‘ट’ कोठून आला?

भूगोलाच्या तासाला ‘टोकियो’ आणि ‘क्योटो’ ही नावे आपण वर्षानुवर्षे शिकवीत आलो आहोत. गंमत अशी, की जपानी भाषेत ‘ट’ हा ध्वनीच नाही. जपानी माणूस उच्चारतो तो आपल्या ‘ताक’मधल्या ‘त’च्या जवळचा असतो. मग हा ‘ट’ आला कोठून? तो आला इंग्रजीमार्गे. इंग्रजी बोलताना जीभ दातांऐवजी त्यांच्या मागच्या हिरडीला टेकते आणि मराठी कानाला तो ध्वनी ‘ट’ वाटतो. ‘टेबल’मधला ‘ट’ असाच आला. म्हणजे एखादे नाव कोणत्या वाटेने आपल्याकडे पोहोचले, याची खूण त्याच्या अक्षरांत राहते.

जपानी नावे रोमन लिपीत लिहिण्याची सर्वांत रुळलेली पद्धत जेम्स कर्टिस हेप्बर्न या अमेरिकन मिशनरी डॉक्टरच्या नावाने ओळखली जाते. त्याचा जपानी-इंग्रजी कोश १८६७ मध्ये निघाला, आणि १८८६ च्या तिसऱ्या आवृत्तीमुळे ही पद्धत सर्वत्र पसरली. तिचे सूत्र साधे आहे : व्यंजने इंग्रजीसारखी वाचावीत, स्वर इटालियनसारखे. अडचण अशी, की इंग्रजी वाचक स्वरही आपल्याच सवयीने वाचतो. म्हणून ‘कोबे’ शहराचे अनेकांच्या तोंडी ‘कोबी’ होते! ‘क्यो’ हे एकच जोडाक्षर, पण इंग्रजीत त्याचे ‘कि-ओ’ असे दोन तुकडे पडतात. आपले ‘टोकियो’ हे रूप त्यातलेच.

दुसरा फरक कालमापनाचा आहे. वृत्ते शिकवताना आपण मात्रा मोजतो. जपानी भाषाही मात्रांवरच चालते. फक्त तेथे ‘ओ’ आणि ‘ए’ हे स्वर ऱ्हस्व व दीर्घ अशा दोन्ही प्रकारचे असतात. राजधानीचे नाव ‘तो-ओ-क्यो-ओ’ असे चार मात्रांचे, क्योटोचे ‘क्यो-ओ-तो’ असे तीन मात्रांचे. ‘ओसाका’तला पहिला स्वर दीर्घ, म्हणून तेथेही मात्रा चार. ‘साप्पोरो’तला अर्धा ‘प्’ स्वतंत्र मात्रा घेतो. इंग्रजीत मात्र एका अवयवावर आघात येतो व बाकीचे दबून जातात. ‘हिरोशिमा’ कोणी ‘शि’वर जोर देऊन म्हणतो, कोणी ‘रो’वर, जपानीत चारही मात्रांना सारखाच वेळ मिळतो.

दीर्घ स्वर दाखवण्यासाठी रोमन अक्षरावर आडवी रेघ देतात, पण इंग्रजी मजकुरात ती बहुधा गाळली जाते. मग शिकोकू बेटावरचे ‘कोओची’ आणि आपल्या केरळातले ‘कोची’ यांचे स्पेलिंग एकच होऊन बसते.

एका बाबतीत देवनागरी रोमन लिपीपेक्षा सोयीची ठरते. जपानीत एक अनुनासिक अक्षर आहे. पुढे ‘ब’ किंवा ‘प’ आला, की त्याचा उच्चार ‘म्’ होतो. ‘त’ आला, की ‘न्’. आपला अनुस्वार ‘आंबा’ आणि ‘अंत’ या शब्दांत नेमके हेच करतो. रोमन लिपीत तोक्योमधील ‘शिंबाशी’ कोणी ‘एन’ने लिहितो, कोणी ‘एम’ने. आपला एक ठिपका हा वाद मिटवतो. ही जवळीक अगदीच योगायोगाची नाही. बौद्ध भिक्षूंबरोबर संस्कृत वर्णविचार जपानला पोहोचला, आणि तेथल्या वर्णमालेचा ‘का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा’ हा क्रम त्याच्याच प्रभावातून आला.

नावांच्या अर्थामुळे आणखी एक गोंधळ होतो. जपानी चित्रलिपीत एकाच चिन्हाची अनेक वाचने असतात. ‘डोंगर’ या चिन्हाचे ‘यामा’ हे देशी वाचन, तर ‘सान’ हे चिनीवरून आलेले. फुजी पर्वताला जपानी लोक ‘फुजीसान’ म्हणतात, ‘फुजियामा’ नव्हे. हा ‘सान’ व्यक्तीच्या नावापुढे आदराने लावायचा ‘सान’ही नव्हे. ‘अराकावा’तल्या ‘कावा’चा अर्थच नदी, इंग्रजीत मात्र त्यापुढे पुन्हा नदीचा शब्द जोडतात. आपणही ‘सह्याद्री पर्वत’ म्हणतोच, आणि ‘अद्री’ म्हणजे पर्वत!

कधी कधी मात्र वाचनातला फरक माणसांच्या मनाला लागतो. दुसऱ्या महायुद्धातील १९४५ च्या लढाईमुळे जगाला ‘इवो जिमा’ हे नाव माहीत झाले. तेथले मूळ रहिवासी आपल्या बेटाला ‘इओओ-तोओ’ म्हणत. चिन्हे तीच, ‘बेट’ या चिन्हाचे वाचन वेगळे. १९४४ मध्ये त्यांना बेटावरून हलवण्यात आले आणि बाहेरच्यांचे वाचन रूढ झाले. अखेर जून २००७ मध्ये जपानच्या सरकारी नकाशा संस्थेने जुने वाचन अधिकृत केले. बेटाचे नाव परत मिळायला साठ वर्षांहून अधिक काळ लागला.

म्हणून ‘टोकियो’ आता चूक समजावे काय? तसे नाही. रुळलेले नाव हे मराठीचेच झालेले असते. पण नवे नाव लिहिताना इंग्रजी स्पेलिंगवर न थांबता मूळ उच्चार विचारावा. विद्यार्थ्यांकडून नकाशातील पाच जपानी नावांच्या मात्रा टाळ्या वाजवून मोजून घ्याव्यात. देवनागरीत बहुतेक ध्वनी लिहिता येतात. ते आधी नीट ऐकणे एवढेच आपल्याकडे उरते.