पायथ्याच्या गावापर्यंतचा रस्ता: काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

सेलूच्या माळावर उभे राहून चौफेर दृष्टी टाकली, तर दुधनेच्या काठची काळी जमीन, कापसाची शेते आणि लोहमार्गाच्या कडेच्या बाभळी एवढेच दिसते. नजर अडविणारा डोंगर कोणत्याच दिशेला नाही. सपाटीवर वाढलेल्या माणसाला सह्याद्रीची ओढ अधिक लागावी हे स्वाभाविकच आहे, आणि आमच्या गावची तरुण मंडळी अलीकडे शुक्रवारी रात्री जीप ठरवून हरिश्चंद्रगडाकडे किंवा कळसूबाईकडे निघतात, ह्याचा मला मनापासून आनंद वाटतो. परंतु निघतेवेळी वडीलधारी माणसे जो उपदेश करतात तो सगळा कड्याविषयी, सापाविषयी आणि निसरड्या पायवाटेविषयी असतो. ज्या रस्त्याने ही मुले जाणार, त्याविषयी कोणी चकार शब्द काढीत नाही. डोंगर तेवढा धोक्याचा आणि रस्ता निर्धोक, हा पहिला आणि सर्वांत खोल रुजलेला गैरसमज होय. सरकारी आकडेवारीप्रमाणे २०२२ साली देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली, त्यांपैकी १५,२२४ एकट्या महाराष्ट्रात. कड्यावरून पडलेल्याची वार्ता वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर येते आणि रस्त्यावर गेलेल्याची आतल्या पानावर चार ओळींत संपते, म्हणूनच आपल्या भीतीचा हिशेब असा उलटा झाला आहे.

दुसरा गैरसमज आपण मुंबई-पुण्याच्या माणसांकडून उसना घेतला आहे. घाट म्हणजे चढण, असे ते म्हणतात, आणि कल्याणहून माळशेज चढणाऱ्याच्या दृष्टीने ते खरेही आहे. त्याच्या गाडीचे इंजिन धापा टाकते, पण ब्रेकवर भार पडत नाही. आपली गोष्ट निराळी. पाथरीवरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६१ हाच माजलगाव, अहिल्यानगर आणि आळेफाटा करीत पश्चिमेस जातो व माळशेज घाटातून कल्याणच्या दिशेने कोकणात उतरतो. म्हणजे तीनशे किलोमीटरांहून अधिक रस्ता रात्रभर कापल्यावर, पहाटेच्या अंधारात, झोपेने जडावलेल्या डोळ्यांनी, मराठवाड्याच्या माणसाला घाट आधी उतरावा लागतो. हरिश्चंद्रगडाला जाणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की खिरेश्वर हे पायथ्याचे गाव घाटमाथ्यावरच, खुबी फाट्याच्या आत आहे. तेथे पोहोचण्यासाठी घाट उतरण्याचे प्रयोजनच नाही. मोरोशीचा भैरवगड किंवा वैशाखऱ्याकडून नाणेघाट करावयाचा असेल, तर मात्र खाली गेल्यावाचून गत्यंतर नाही. प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा, व्यापार दोन हजार वर्षांपूर्वी ह्याच नाणेघाटाने कल्याण-सोपाऱ्याकडे उतरत असे आणि सातवाहनांचा शिलालेख तेथील लेण्यात अद्याप उभा आहे. परंतु तो व्यापार माणसांच्या व जनावरांच्या पावलांनी उतरत होता, आणि पावलांना ब्रेक लागत नाहीत.

आता ब्रेकविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण सर्वांत घातक समजूत येथेच दडलेली आहे. उतारावर गाडी न्यूट्रल केली की इंधन वाचते, असे आमच्याकडील कितीतरी चालक आजही छातीठोकपणे सांगतात. कार्ब्युरेटरच्या जमान्यात ह्या म्हणण्यात थोडेबहुत तथ्य होते. आजच्या गाड्यांत, गाडी गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला, की इंजिनाला जाणारे इंधन बहुधा पूर्णपणे तोडले जाते आणि चाकेच इंजिनाला फिरवितात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन बंद पडू नये म्हणून त्याला सतत इंधन पाजावे लागते. म्हणजे बचत तर नाहीच, उलट खर्च आहे. आणि कोणी त्याही पुढे जाऊन किल्ली फिरवून इंजिनच बंद केले, तर ब्रेकला साहाय्य करणारी निर्वात शक्ती एक-दोन दाबांतच संपते व स्टिअरिंग दगडासारखे जड होते.

ह्याहून मोठा प्रश्न उष्णतेचा. दीड टन वजनाची मोटार पाचशे मीटर खाली उतरते, तेव्हा तिच्या अंगातील जी शक्ती कोठेतरी जिरवावी लागते, तिच्यावर दोन घागरी पाणी सहज उकळीला येईल. गाडी खालच्या गिअरमध्ये असली तर ह्या शक्तीचा मोठा वाटा इंजिन आपल्या अंगावर घेते. न्यूट्रलमध्ये सगळी आग ब्रेकवर येते. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते आणि जसजसा ओलावा वाढतो तसतसा त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. डॉट ३ जातीचे नवे तेल निदान २०५ अंशांपर्यंत टिकते, तर ओलावलेले १४० अंशांच्या सुमारासही उकळू शकते. तेल उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात, आणि मग पायाखालचा ब्रेक पोकळ होऊन तळाला टेकतो. काही वर्षांपूर्वी माळशेज उतरत असताना जळक्या रबरासारखा उग्र दर्प आमच्या जीपमध्ये शिरला. गाडी हाकणारे आमच्या गावचे वयस्क गृहस्थ, ज्यांना आम्ही सारे मामा म्हणतो, त्यांनी न बोलता दुसरा गिअर टाकला, कठड्याची रुंद जागा पाहून गाडी बाजूला घेतली आणि मागच्या चाकाखाली दगड लावला. आमच्यापैकी एक जण उत्साहाने बाटलीतले पाणी चाकावर ओतावयास धावला, तेव्हा मामांनी त्याचा हात धरला. तापलेल्या लोखंडावर गार पाणी पडले तर त्याला तडा जातो. अर्धा तास आम्ही धुक्यात उभे राहिलो. मागाहून मामांनीच कबूल केले, की वरच्या दोन वळणांपर्यंत गाडी न्यूट्रलमध्ये होती.

उतरणाऱ्या गाडीला थांबणे जड जाते, सबब चढणाऱ्याने वाट द्यावी, हीही एक सार्वत्रिक समजूत आहे. कायदा नेमके उलट सांगतो. १९८९ च्या रस्तानियमांत आणि त्यांच्या जागी आलेल्या २०१७ च्या मोटार वाहन चालन विनियमांतही, अरुंद डोंगरी रस्त्यावर चढणाऱ्या वाहनाला अग्रहक्क दिला आहे. उतरणाऱ्याने बाजूला थांबावयाचे आहे. थांबलेली गाडी चढावर पुन्हा हलविताना मागे घसरण्याचा संभव असतो, हे त्यामागील कारण उघड आहे.

धुक्याविषयी थोडक्यात. प्रखर दिवा लावला की अधिक दिसेल असे वाटते, पण धुके म्हणजे पाण्याचे सूक्ष्म कण, आणि तो झोत त्यांवरून परतून आपल्याच डोळ्यांवर येतो. खाली झुकलेला मंद दिवा आणि रस्त्याच्या कडेची पांढरी रेघ, एवढ्यावर भिस्त ठेवावी. चालत्या गाडीचे चारही दिवे लुकलुकत ठेवण्याची जी चाल पडली आहे, ती सोडून द्यावी. मागच्याला आपण वळणार की थांबणार हे त्यामुळे कळेनासे होते.

पाऊस थांबला म्हणजे दरडीचे भय संपले, हा समज तर मला फार अस्वस्थ करतो. आपल्या काळ्या मातीची जननी असलेला अग्निजन्य खडकच सह्याद्रीत थरांवर थर होऊन उभा आहे. त्याच्या भेगांत आणि थरांमधील मुरमाड पट्ट्यांत पाणी मुरते, आतील दाब वाढत जातो, आणि आभाळ उघडल्यावरही तो लगेच ओसरत नाही. आंबेगाव तालुक्यातील माळीण हे गाव ३० जुलै २०१४ रोजी सकाळी ज्या दरडीखाली गाडले गेले, तिने १५१ जीव घेतले. ते गाव माळशेजपासून फार दूर नाही. म्हणून ऊन पडले आहे अशा भरवशावर धबधब्याखाली गाडी उभी करून छायाचित्रे काढीत बसणे घाटात सर्वथा वर्ज्य मानावे. पावसाळ्यात जिल्हा प्रशासन मनाईहुकूम काढते, तो आपल्या आनंदावर घाला नसतो.

नकाशा दाखवितो तो रस्ता असतोच, ही आमच्या पिढीला नसलेली आणि पुढच्या पिढीला जडलेली श्रद्धा आहे. २०२१ च्या जानेवारीत कळसूबाईला निघालेली एक मोटार रात्रीच्या वेळी मोबाइलच्या नकाशाप्रमाणे अकोले तालुक्यात कोतूळजवळच्या पुलावर गेली. धरणाच्या फुगवट्याने तो पूल पाण्याखाली गेला होता, हे नकाशाला ठाऊक नव्हते. दोघे पोहून निघाले, चालक बुडाला. त्या परिसरातील कोणत्याही माणसाला विचारले असते, तर त्याने हात करून दुसरी वाट दाखविली असती. अंधार पडण्यापूर्वी पायथ्याचे गाव गाठावे आणि शेवटच्या फाट्यावर गाडी थांबवून विचारपूस करावी, ह्याला पर्याय नाही.

समृद्धी महामार्ग झाल्यापासून जालन्याहून इगतपुरीकडे जाणे किती सुलभ झाले, हे मी नाकारीत नाही. परंतु सरळ, एकसुरी रस्ता झोप आणतो, आणि महामार्ग सोडल्यावर कळसूबाईखालच्या बारी गावापर्यंतचा जो अरुंद, वळणांचा पट्टा उरतो, तो नेमका ह्या अर्धवट झोपेत कापला जातो. परतीचा प्रवास तर त्याहून बिकट. खिरेश्वरहून तोलार खिंडीने गड चढून उतरलेला माणूस त्याच संध्याकाळी तीनशे किलोमीटर गाडी हाकतो आणि चहाने झोप उडते असे मानतो. चहाने झोप लांबणीवर पडते, फिटत नाही. चालक गडावर न चढणारा असावा, अथवा मुक्काम एक रात्र वाढवावा. सेलूहून मनमाडमार्गे इगतपुरीपर्यंत लोहमार्ग आहे आणि तेथून पुढे एसटी व जीप मिळतात, हेही विसरू नये. घाट उतरण्यापूर्वी गाडीच्या ब्रेकची परीक्षा घेण्याचा रेल्वेचा जुना शिरस्ता आहे, तो मोटार हाकणाऱ्यांनीही उचलावा.

एक शेवटचा गैरसमज पोलिसांच्या ससेमिऱ्याचा. जखमीला हात लावला तर पंचनाम्यात आणि साक्षीत अडकू, ह्या भयाने माणसे गाडी पुढे दामटतात. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ घातले गेले, त्यानुसार सद्‌हेतूने मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, आणि आपले नाव सांगण्याची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही. रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांसाठी ११२ आणि राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हे क्रमांक मुलांच्या खिशात लिहून द्यावेत.

आणि वडीलधाऱ्यांना माझी एवढीच विनंती आहे: येत्या शुक्रवारी मुलगा पाठीवर पिशवी टाकून उंबऱ्यावर उभा राहील, तेव्हा कड्याचा उपदेश जरूर करा, पण त्याआधी अंगणात जाऊन गाडी हाकणाऱ्याला विचारा, की तो दुपारी किती तास झोपला आणि ब्रेकचे तेल केव्हा बदलले.