गेमिंग लॅपटॉप घेताय? आधी मे महिना आठवा

यावल-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. डेस्कटॉपऐवजी महागडा गेमिंग लॅपटॉप घेताना हे विसरू नये. बहुतेक लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या खोलीसाठी बनवलेले असतात. आतला पंखा खोलीतलीच हवा ओढतो. ती तापलेली असली, की चिप शंभर अंशांजवळ पोहोचते आणि स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करते. पैसे पूर्ण मोजूनही ताकद अर्धवट मिळते.

दुकानात चिपचे नुसते नाव नको, वॅटही विचारा. लॅपटॉपमधील आरटीएक्स ४०६० ही चिप ३५ ते ११५ वॅटपर्यंत वेगवेगळी बसवली जाते. चार्जरचा भार घरच्या इन्व्हर्टरला पेलेल का, तेही पाहा.

लॅपटॉप सतत प्लगवर राहणार असेल, तर चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवा. उष्णता आणि पूर्ण चार्ज यांमुळे बॅटरी लवकर खराब होते. तो मांडीवर ठेवू नका, रोजच्या उबेनेही त्वचेवर जाळीदार डाग पडू शकतात. स्क्रीन डोळ्यांच्या पातळीवर आणा, कीबोर्ड वेगळा जोडा. मानेवरचा ताण कमी होईल.

आणि लॅपटॉप टेबलावरून हलणारच नसेल, तर डेस्कटॉपच बरा. तो थंड राहतो, धूळ झटकता येते, सुटे भागही बदलता येतात.