जोडतार, उष्णतासह

इलेक्ट्रॉनीय उपकरणातील घटक, मुद्रित मंडल फलक, स्विच इ. एकाच पेटीच्या आत एकमेकांस जोडण्यासाठी वापरण्यात येणाऱ्या बारीक, एकेरी व निरोधक वेष्टनाच्या तारेला जोडतार किंवा व्यवहारात हुक-अप वायर असे म्हणतात. जिचे वेष्टन नेहमीच्या प्लॅस्टिकला न सोसणाऱ्या तापमानातही वितळत, आकसत किंवा तडकत नाही, ती उष्णतासह जोडतार होय. येथे उष्णतासह याचा अर्थ उष्णता अडविणारी असा नसून उष्णता सोसणारी असा आहे.

उपकरणाचे कारखान्यात उत्पादन सुरू होण्यापूर्वी त्याचा आद्य नमुना हाताने जोडून तपासतात. हे काम प्रयोगशाळांत, लहान कारखान्यांत व तंत्रशिक्षणाच्या संस्थांत नित्य चालते. पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातील अवसरी खुर्द येथे २००९ मध्ये शासकीय अभियांत्रिकी व संशोधन महाविद्यालय सुरू झाले. तेथेच शासकीय तंत्रनिकेतनही आहे. शेजारच्या जुन्नर तालुक्यात खोडद येथे प्रत्येकी ४५ मी. व्यासाच्या ३० तबकड्यांची जीएमआरटी ही रेडिओ दूरदर्शी असून तिच्या ग्राहीचे पहिले टप्पे तबकडीच्या नाभीपाशी, ऊन व पाऊस यांत असतात. परिसर मुख्यतः बागायती शेतीचा असल्यामुळे शेतपंपाचे नियंत्रक, ओलावामापक यांसारखी उपकरणे तेथे उघड्यावर, पत्र्याच्या पेटीत बसवावी लागतात. टेबलावर नीट चालणारा नमुना अशा पेटीत बंद पडला, तर दोष पुष्कळदा मंडलाच्या रचनेत शोधला जातो. प्रत्यक्षात तो काही रुपयांच्या तारेत असू शकतो.

उष्णतेचे दोन प्रकार : तारेची निवड करताना दोन वेगळ्या उष्णतांचा विचार करावा लागतो. पहिली क्षणिक, म्हणजे डाखकामाची. कथिल व शिसे यांचा ६३ : ३७ प्रमाणातील डाख १८३° से.ला वितळतो; शिसेविरहित डाखांपैकी प्रचलित प्रकार सु. २१७° ते २२० ° से.ला वितळतात. सांधा लवकर व्हावा म्हणून डाखणीचे टोक मात्र ३२०° ते ३७०° से.पर्यंत तापवितात. दुसरी उष्णता सततची असते. भोवतालची हवा, जवळचे तापणारे घटक व तारेतील स्वतःचा प्रवाह यांपासून ती येते. बाहेर ४०° से. तापमान असताना उन्हातील बंद पेटीतील हवा ६०° से.च्या आसपास जाऊ शकते. त्यातच तार शक्तिरोधकाला टेकली असेल, तर त्या ठिकाणचे तापमान १००° से.हूनही अधिक होते.

तारेवर छापलेले तापमान सततच्या उष्णतेसंबंधीचे असते. त्यावरून डाखकामात वेष्टन कसे वागेल, हे कळत नाही. १०५° से.ची साधी पीव्हीसी तार पेटीत वर्षानुवर्षे टिकेल, पण डाखणीजवळ काही सेकंदांतच तिचे वेष्टन २–३ मिमी. मागे सरकून तांबे उघडे पडेल. दोन टोकांमधील अंतर २·५४ मिमी. असलेल्या फलकावर एवढे उघडे तांबे शेजारच्या जोडाशी लघुमंडल होण्यास पुरेसे असते. आद्य नमुन्यात एकच सांधा अनेकदा सोडवून पुन्हा जोडावा लागत असल्यामुळे हा दोष तेथे अधिक जाणवतो.

वेष्टनाचे पदार्थ : पॉलिव्हिनिल क्लोराइड (पीव्हीसी) सर्वांत स्वस्त व सोलण्यास सोपे आहे. भारतीय मानकानुसार त्याचा सर्वसाधारण प्रकार ७०° से.पर्यंत व उष्णतासह प्रकार ८५° से.पर्यंत वापरता येतो. अमेरिकी यूएल पद्धतीच्या १००७ या तारेची मर्यादा ८०° से. व ३०० व्होल्ट, तर १०१५ या तारेची १०५° से. व ६०० व्होल्ट आहे. मर्यादेपलीकडे सतत तापल्यास त्यातील मृदुकारक द्रव्य उडून जाते व वेष्टन कडक होऊन तडकते. जळताना त्यापासून हायड्रोजन क्लोराइड हा अम्लधर्मी वायू निघतो.

पॉलिटेट्राफ्ल्युओरोएथिलीन (पीटीएफई) हे बहुवारिक अमेरिकेतील ड्यू पाँट कंपनीतील रॉय प्लंकेट यांना १९३८ मध्ये योगायोगाने सापडले व टेफ्लॉन या व्यापारी नावाने प्रसिद्ध झाले. ते सु. ३२७° से.ला वितळते, तथापि वितळल्यावरही अत्यंत दाट राहून ओघळत नाही. त्यामुळे डाखणीचा क्षणिक स्पर्श ते सोसते. सततच्या वापरासाठी २६०° से. ही त्याची मर्यादा होय. वेष्टन पातळ ठेवता येत असल्याने दाटीच्या जोडणीत ते सोयीचे पडते. मात्र ते महाग आहे, गुळगुळीत असल्याने सोलणे कठीण जाते आणि धारदार कडेवर सतत दाबले गेल्यास हळूहळू बाजूस सरून तांबे उघडे पडते.

सिलिकोन रबर सु. १८०° ते २००° से.पर्यंत टिकते व अतिशय लवचिक असते. हलत्या भागांना व मोजमापकांना जोडण्याच्या तारांसाठी ते उत्तम. परंतु ते सहज फाटते व त्याचे वेष्टन जाड असते. प्रारणाने ज्यांच्या रेणूंत आडवे बंध निर्माण केले आहेत अशी पॉलिएथिलीन व पीव्हीसी यांची वेष्टने डाखणीजवळ वितळून मागे सरत नाहीत. किंमत व गुण या दोन्हींत ती साध्या पीव्हीसी व पीटीएफई यांच्या मधली आहेत.

संवाहक : उष्णतेची मर्यादा केवळ वेष्टनावर अवलंबून नसते. तांब्यावरील कल्हई सु. १५०° से.पर्यंत, चांदीचा मुलामा २००° से.पर्यंत व निकेलचा मुलामा २६०° से.पर्यंत योग्य मानतात. म्हणून चांदीचा मुलामा असलेली पीटीएफई तार २००° से.चीच समजावी. निकेलवर साधा डाख नीट धरत नाही. चांदीच्या थराला चरा पडून तेथे ओल साचल्यास खालील तांबे गंजते. सह्याद्रीलगतच्या पावसाळी भागात याची विशेष काळजी घ्यावी लागते.

ब्रेडबोर्डसाठी सु. ०·६ मिमी. व्यासाची एकसंध तार घेतात. ती छिद्रात घट्ट बसते, पण वारंवार वाकविल्यास तुटते. हलणाऱ्या जोडणीसाठी अनेक बारीक तारांची पेडाची तार वापरतात. ०·२ मिमी. व्यासाच्या ७ तारांच्या पेडाचे क्षेत्रफळ ०·२२ चौ. मिमी. व रोध २०° से.ला मीटरला सु. ०·०८ ओहम असतो. अशा तारेने १ मी. अंतरावरील घटकास ५ व्होल्टवर २ अँपिअर प्रवाह दिल्यास जाण्यायेण्याच्या २ मी. तारेत ०·३२ व्होल्ट खर्ची पडतात. तार १००° से.पर्यंत तापली, तर रोध सु. ३१ टक्क्यांनी वाढून ही तूट ०·४२ व्होल्ट होते. सूक्ष्मनियंत्रक अकारण पुन्हापुन्हा सुरू होण्याचे हे एक कारण असते. वेष्टन उष्णता सोसते म्हणून बारीक तारेतून अधिक प्रवाह नेण्याचा मोह यासाठीच टाळावा. उत्तम वेष्टन जळण्यापासून वाचविते. विद्युत् दाबातील तूट मात्र तांब्याच्या जाडीनेच कमी होते.

पारख व सुरक्षितता : पुण्यातील तपकीर गल्ली, मुंबईतील लॅमिंग्टन रोड अशा बाजारांत तार सुटी, वजनावर किंवा मीटरवर मिळते व तिच्यावर छाप असतोच असे नाही. थोडा तुकडा घेऊन सोललेल्या टोकाला डाख द्यावा. वेष्टन मागे सरले, तर ती पीटीएफई नव्हे. टोक खरवडल्यावर आत तांबूस रंग दिसावा. पांढरट दिसल्यास तांब्याचा पातळ थर दिलेले ॲल्युमिनियम असण्याचा संभव असतो. तांब्याची तार लोहचुंबकास चिकटत नाही, पोलादी गाभ्याची चिकटते. जाळून पारख करू नये. पीटीएफई अतिशय तापल्यास त्यापासून विषारी वायू व सूक्ष्म कण निघतात. ते श्वासावाटे गेल्यास काही तासांनी थंडी वाजून ताप येतो. त्याचे कण हाताला लागून विडी-सिगारेटीबरोबर जळल्यानेही हा विकार होतो. म्हणून खोलीत हवा खेळती ठेवावी व कामानंतर हात धुवावेत.

पीटीएफईलाही मर्यादा आहे, हे अपोलो–१३ या अंतराळयानाच्या अपघाताने दाखवून दिले. उड्डाणापूर्वी प्राणवायूची एक टाकी रिकामी करताना २८ व्होल्टसाठी बनविलेल्या तापनियंत्रक स्विचला ६५ व्होल्ट मिळाल्याने तो चिकटला व तापक चालूच राहिला. सु. ५००° से.पर्यंत पोहोचलेल्या उष्णतेने आतील तारांचे टेफ्लॉन वेष्टन खराब झाले. एप्रिल १९७० मध्ये प्रवासात त्याच टाकीत लघुमंडल होऊन आग लागली व टाकी फुटली.

निवड : ब्रेडबोर्डवरील तात्पुरत्या जोडणीस साधी एकसंध पीव्हीसी तार पुरते. एकदाच डाख देऊन पेटीत बसवायच्या नमुन्यास १०५° से.ची पीव्हीसी किंवा आडव्या बंधांची तार योग्य ठरते. दाट फलक, वारंवार सोडवावे लागणारे सांधे व तापणाऱ्या घटकांची जवळीक असेल, तेथे पीटीएफई तारेचा खर्च सार्थकी लागतो. हलत्या जोडणीस सिलिकोन घ्यावे. प्रथम प्रवाह व लांबी यांवरून तांब्याची जाडी, नंतर पेटीतील सर्वाधिक तापमानावरून वेष्टन व मुलामा आणि शेवटी डाखकामाचे स्वरूप, या क्रमाने विचार केल्यास अकारण खर्च टळतो व नमुना शेतातील पेटीतही विश्वासाने काम देतो.