द लॉर्ड ऑफ द रिंग्ज (१९७८ चित्रपट)

द लॉर्ड ऑफ द रिंग्ज हा राल्फ बाक्शी यांनी दिग्दर्शित केलेला अमेरिकन ॲनिमेशनपट आहे. जे. आर. आर. टॉल्किन यांच्या १९५४–५५ मध्ये तीन खंडांत प्रसिद्ध झालेल्या कादंबरीवर आधारित हा चित्रपट १५ नोव्हेंबर १९७८ रोजी प्रदर्शित झाला. सॉल झेंट्झ त्याचे निर्माते, तर युनायटेड आर्टिस्ट्स वितरक होते. कादंबरीचा जेमतेम अर्धा भागच त्यात आला असून नियोजित उत्तरार्ध कधीच निघाला नाही.

कथानकाचा शेवट

हेल्म्स डीपची लढाई जिंकली जाते आणि चित्रपट संपतो. फ्रोडो व सॅम मात्र अजून गॉलमच्या मागून वाट तुडवत आहेत आणि जी अंगठी नष्ट करायची ती फ्रोडोजवळच आहे. असे असूनही अखेरचे निवेदन अंधाराच्या शक्ती कायमच्या हद्दपार झाल्याचे सांगते. ही विसंगती कादंबरीच्या वाचकाच्या तत्काळ ध्यानात येते.

अपूर्णतेची कारणे

चित्रपट चालला नाही म्हणून उत्तरार्ध बारगळला, हा समज बरोबर नाही. सुमारे ४० लाख डॉलर खर्चाच्या या चित्रपटाने एकट्या अमेरिकेत ३ कोटींहून अधिक डॉलर मिळवले. वादाचे मूळ शीर्षकात होते. बाक्शींना नावापुढे 'पहिला भाग' असे शब्द हवे होते. अर्ध्या कथेसाठी प्रेक्षक पूर्ण तिकीट काढणार नाहीत, या भीतीने वितरकांनी ते गाळले. परिणामी संपूर्ण कथेच्या अपेक्षेने आलेल्या प्रेक्षकांना फसवणूक झाल्यासारखे वाटले.

दुसरे कारण श्रमाचे. चित्रपटात रोटोस्कोप तंत्र वापरले होते. मॅक्स फ्लायशर यांना १९१७ मध्ये पेटंट मिळालेल्या या तंत्रात आधी खऱ्या नटांचे चित्रीकरण करून मग त्यावरून एकेक चौकट हाताने गिरवली जाते. पडद्यावरच्या एका सेकंदासाठी २४ चौकटी लागतात, हे ध्यानात घेता सव्वादोन तासांचे काम किती प्रचंड असेल याची कल्पना येते. लढाईच्या अनेक दृश्यांत रंगाच्या पातळ थराखालून खरी माणसे स्पष्ट दिसतात. शीर्षकाच्या प्रकरणाने दुखावलेल्या आणि थकलेल्या बाक्शींनी पुढचा भाग हाती घेतला नाही. ते 'अमेरिकन पॉप' (१९८१) या चित्रपटाकडे वळले.

नंतरचा काळ

रँकिन/बास संस्थेचा 'द रिटर्न ऑफ द किंग' (१९८०) हा दूरचित्रवाणीपट पुष्कळदा याचाच उत्तरार्ध मानला जातो. प्रत्यक्षात तो स्वतंत्र असून त्याच संस्थेच्या 'द हॉबिट'शी (१९७७) त्याचे नाते आहे. संपूर्ण कथा पडद्यावर आली ती पीटर जॅक्सन यांच्या चित्रपटत्रयीत (२००१–२००३). टॉल्किनच्या कथेशी जॅक्सन यांची पहिली ओळख बाक्शींच्या चित्रपटामुळेच झाली होती. बिल्बोच्या वाढदिवसाच्या मेजवानीतील एक चौकट त्यांनी बाक्शींना अभिवादन म्हणून तशीच योजली आहे.